पाच फटी, एक पट्टा आणि मे महिन्यातला ब्लॉक

मिशिगनमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये १९६७ची कॉर्वेट (शेवरलेची स्पोर्ट्स कार) कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी, तपासणीला आली. कागदावर एल-७१, म्हणजे ४२७ घनइंची, ४३५ अश्वशक्तीचं इंजिन. बॉनेटवर 'स्टिंगर'चा फुगवटा आणि पट्टा, आत तीन होली कार्ब्युरेटर, वर त्रिकोणी एअर क्लीनर. त्या वर्षी २२,९४० कॉर्वेट बनल्या. एल-७१ फक्त ३,७५४. म्हणून किमतीतला फरक मोठा आणि नक्कलही भरपूर.

आधी वर्ष ताडून घेतलं. पुढच्या फेंडरवर पाच तिरप्या फटी. १९६५-६६ला तीन मोठ्या उभ्या असत. हँडब्रेक दोन सीटांच्या मध्ये. आधीच्या वर्षीपर्यंत तो डॅशबोर्डखाली ओढायचा होता. नंबरप्लेटच्या वर एकच रिव्हर्स लाइट. ब्रेकचा मास्टर सिलिंडर दुहेरी सर्किटचा. या चारही गोष्टी १९६७शी जुळणाऱ्या. चाकं मात्र मधल्या नटवर बसणारी नॉक-ऑफ. १९६७ला सुरक्षा नियमांमुळे ती बंद होऊन बोल्टची अ‍ॅल्युमिनियम चाकं आली, म्हणजे ही नंतर बसवलेली. चाकं कुणीही बदलतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. स्टिंगर बॉनेटचंही तेच, नवं फायबरग्लासचं सहज मिळतं.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, खरा होता: १९४६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, ७ म्हणजे वर्ष, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. पण कॉर्वेटच्या व्हीआयएनमध्ये इंजिनाचं अक्षर १९७२पासून आलं. त्याआधीच्या गाडीत इंजिनाचा पुरावा इंजिनावरच शोधावा लागतो.

उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, सपाट पॅड असतं. ते थिनर आणि फडक्यानेच पुसायचं. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावलात तर कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (पृष्ठभाग सपाट कापण्याच्या) पुढून मागे जाणाऱ्या बारीक रेघा जातात आणि पुरावाही जातो. इथे शिक्का होता टी ०१०९ जेई: टोनावांडाचा कारखाना, ९ जानेवारी, ४३५ अश्वशक्ती. शेजारचा गाडीचा क्रमांकही जुळत होता. रेघा मात्र नव्हत्या, पॅड आरशासारखं गुळगुळीत. एवढ्यावरून खोटं ठरवता येत नाही, कारण ओव्हरहॉलमध्ये ब्लॉकचा माथा घासला तर अस्सल इंजिनाच्याही रेघा जातात. पण त्या घासण्यात शिक्काही जायला हवा. रेघा गेल्या आणि शिक्का ठसठशीत राहिला, तर तो नंतर मारलेला असण्याचीच शक्यता जास्त.

मग स्टार्टर काढला. ब्लॉकच्या बाजूला ओतीव तारीख उठावाची असते. ती साच्यातच घडते, हातोड्याने बदलता येत नाही. तिथे ई १७ ७: १७ मे १९६७. ग्लोव्ह बॉक्सखालच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे कारखान्याच्या धातूच्या पट्टीवर, बॉडीची तारीख जानेवारीची. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी हा क्रम मोडता येत नाही. मे महिन्यात ओतलेला ब्लॉक जानेवारीत जुळवला जाणं अशक्य.

खालून पाहिलं तर मागचा स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) नव्हता. मोठ्या इंजिनाच्या गाडीला तो असायचाच. शेवटी पेट्रोल काढून, स्टेपनीचा कॅरिअर आणि पट्टे सोडून टाकी उतरवली. १९६७च्या टाकीच्या माथ्यावर कारखान्याचा ऑर्डरचा कागद चिकटवलेला असतो. गंजाने कडा गेल्या होत्या, पण इंजिनाची ओळ वाचता आली: एल-७९, म्हणजे ३२७ घनइंची, ३५० अश्वशक्ती. आमच्यासाठी हा कागद सगळ्यात मोलाचा. तो हवा लागून आणखी सुटू नये म्हणून जागेवरच फोटो काढले आणि टाकी न धुता ठेवली.

बॉडीची तपासणी चाकांच्या कमानीतून केली. पॅनेलच्या जोडामागे बाँडिंगच्या, म्हणजे पॅनेल एकमेकांना चिकटवणाऱ्या पट्ट्या दिसल्या, आतली बाजूही गुळगुळीत, साच्यात दाबलेली. हाताने थापलेल्या बदली पॅनेलची आतली बाजू खडबडीत असते. एकच उजवा फेंडर तसा निघाला.

अहवालात लिहिलं: अस्सल १९६७, मूळ एल-७९, इंजिन नंतरचं, पॅडवरचा शिक्का कारखान्याचा नाही. टाकीचा कागद गाडीसोबतच ठेवावा, आणि ३२७ परत बसवायचं असेल तर जानेवारीआधी ओतलेला ब्लॉक शोधावा. त्याच्या पॅडवर नवा शिक्का मारू नये.