लिनक्स टाकायचंय? आधी विंडोजमध्ये तासभर घाला

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानातला बिलाचा पीसी असो की अशोक चौकाकडच्या कारखान्यातला, मशीन ठणठणीत असेल तर एवढ्यासाठी ते भंगारात काढू नका. पण विंडोज पुसूनही टाकू नका. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली, टॉवेल-चादरीचं जेकार्ड डिझाइन, ही कामं विंडोजवरच सुरळीत होतात. म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम, तिच्या शेजारी बसवायची.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, सुरुवातीला त्यातलं लिनक्स मिंट २२ घ्या. एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतात आणि मांडणी विंडोज वापरणाऱ्याला लगेच समजते. रॅम ४ जीबीच असेल तर नेहमीच्या सिनॅमनऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. डाउनलोड होणारी आयएसओ फाइल (इन्स्टॉलसाठीची) ३ जीबीच्या आसपास असते, त्यामुळे पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. रुफस या फुकट प्रोग्रॅमने ती फाइल पेनड्राइव्हवर लिहिताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

बिघाड होतात ते बहुतेक तयारी न केल्यामुळे. इन्स्टॉल ही वीस मिनिटांची गोष्ट आहे.

पहिलं काम बॅकअप, आणि तो वेगळ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरं, बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमधली (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा सेटिंगचा भाग) एखादी सेटिंग बदलली की विंडोज हीच की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेलाच.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना ‘शट डाउन’ केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडला तर फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून ‘powercfg /h off’ हा आदेश टाइप करा. फास्ट स्टार्टअप बंद होतं आणि हायबरनेशनची मोठी फाइलही जाते. ती फाइल जाणं पुढच्या पायरीला लागतंच.

आता जागा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. इथे पुष्कळ जण अडकतात. ड्राइव्हमध्ये १०० जीबी मोकळे दिसतात, पण विंडोज ८-१० जीबीच सोडायला तयार होतं. कारण न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात. पेजफाइल, हायबरनेशन फाइल आणि सिस्टम रिस्टोअरच्या जुन्या नोंदी या त्यातल्या मुख्य. पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करा, परत श्रिंक करा. आकडा वाढलेला दिसतो. जागा निघाली की दोन्ही परत चालू करा. मिंटला २० जीबीत बसवता येतं, पण ६० जीबी दिलेत तर पुढे कुचंबणा होत नाही. काढलेली जागा ‘अनअलोकेटेड’च राहू द्या, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका.

श्रिंक आणि इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) बिघडू शकतं. मे महिन्यात संध्याकाळी वादळी वारं सुटलं की लाइट जातेच, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर आणि सकाळी काम उरका. लॅपटॉपची बॅटरी निकामी असेल तर तोही डेस्कटॉपच समजा.

‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ समोर यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते वाचा. पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये बूट व्हायला हवा, नाहीतर दोन्ही सिस्टम एका मेनूत येत नाहीत. बूट मेनूची की डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९.

आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच तासभर वापरा. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तपासा. ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक चिपचं वायफाय दिसत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. एचपीचे प्रिंटर बहुतेक लगेच चालतात. कॅननचा एलबीपी २९०० मात्र डोकं खातो, त्याची छपाई विंडोजवरच ठेवा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज मोड (मशीन डिस्कशी कसं बोलतं ते) बहुधा आरएसटी किंवा रेडवर असतो. लिनक्सला चालणाऱ्या एएचसीआय मोडवर तो थेट नेलात तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग (msconfig) मधून सेफ बूट लावा, मग मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग सेफ बूट काढा.

इन्स्टॉलरमध्ये ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ (विंडोजशेजारी बसवा) दिसलं तर तेच निवडा. ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका. पार्टिशन स्वतः करणार असाल तर मोकळ्या जागेत एक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) निवडा, माउंट पॉइंट ‘/’ ठेवा. विंडोजचं ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं) वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही.

पहिल्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक) वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ धरतं, आणि सकाळी दहाचं बिल साडेचारचं निघतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ हा आदेश देऊन टाका, म्हणजे लिनक्सही स्थानिक वेळच लिहितं.

आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड चालतं, म्हणून हे आवर्जून. कीबोर्डच्या लेआउटमध्ये तिन्ही भाषा जोडता येतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत मराठीचा ‘क’ ज्या कीवर, तेलुगू-कन्नडचाही त्याच कीवर. एकदा हात बसला की तिन्ही लिपी येतात.

मोठ्या विंडोज अपडेटनंतर मशीन थेट विंडोजमध्ये गेलं तर घाबरू नका, बायोसच्या बूट क्रमात ‘उबुंटू’ वर घ्या (मिंट त्याच नावाने नोंदतं). ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने मात्र सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टम सुरू होऊ न देणारी सेटिंग) चालू असलेल्या अनेक मशीनवर जुन्या बूटलोडरचं (सिस्टम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) लिनक्स थेट अडवलं होतं. आयएसओ ताजी घ्यायची ती यासाठी.

लिनक्स नको झालं तर क्रम उलटा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, विंडोज सुरू होतंय याची खात्री करा आणि मगच लिनक्सचं पार्टिशन उडवा. आधी पार्टिशन उडवलंत तर काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ (लिनक्सच्या बूटलोडरची अडकलेली स्क्रीन) एवढंच दिसेल.