पाच अक्षांच्या राउटरवर एबीएसचं छत: माझा अनुभव

चाकणच्या आमच्या युनिटमध्ये ट्रॅक्टरच्या केबिनचं आतलं छत बनतं. एबीएस या कडक प्लास्टिकची ४ मिमीची शीट तापवायची, साच्यावर व्हॅक्यूमने ओढायची, गार झाली की उतरवायची. कडेचा फालतू भाग आमची मुलं टेम्प्लेट लावून हातातल्या राउटरनेच, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटच्या यंत्रानेच, कापायची. लहान लॉटसाठी मला आजही तेच परवडतं वाटतं. पण नव्या ऑर्डरमध्ये सव्वा मीटरवरच्या दोन भोकांमधलं अंतर ±०.५ मिमीत मागितलं. मग पाच अक्षांचा, म्हणजे पाच दिशांनी हलणारा-वळणारा, संगणकावर चालणारा (सीएनसी) राउटर आला आणि तो मार्गी लावायचं काम माझ्याकडे.

प्रोग्राम लवकर झाला. डोकं खाल्लं ते फिक्स्चरने, म्हणजे कापताना पार्ट ज्यावर बसवून धरतात त्या बैठकीने. बनवणाऱ्याने ते पार्टच्या बाहेरच्या अंगाला बसेल असं दिलं होतं. आमचा साचा नर, म्हणजे उंचवट्याचा, शीट त्याच्यावर वरून बसते; त्यामुळे नेमकं माप मिळतं ते आतल्या अंगाला. शीट जिथे जास्त ताणली जाते तिथे ती पातळ होते, त्यामुळे बाहेरचं अंग दर पार्टला थोडं वेगळं. फिक्स्चर आतल्या अंगावरून पुन्हा करून घेतलं. कापायच्या रेषेच्या जितकं जवळ जाता येईल तितका आधार दिला, कारण लोंबती कड थरथरते आणि तिथे दातेरी कट येतो. पार्ट धरायला पुन्हा व्हॅक्यूमच. त्याचा जोर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो, तोही कडेचं रबर कुठेच गळत नसेल तर.

कटरची गंमत वेगळी. लाकडाचं दोन धारांचं बिट लावलं की भुसा वितळून कटलाच चिकटायचा. ते पाहून ऑपरेटर फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी करायचा, माणूस करणारच. पण हळू चाललेलं बिट कापण्यापेक्षा घासतं जास्त, आणि एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एका धारेचं कार्बाइड बिट, १८,००० आरपीएम, फीड मिनिटाला साडेतीन मीटरच्या घरात, असं जमवल्यावर कोरडी, सुटी चिप पडू लागली. कानसेने बर (कटच्या कडेला राहणारी खरबरीत धार) काढायचं काम जवळपास संपलं.

तरी भोकं चुकत होती, तीही दुपारच्या शिफ्टलाच. मशीनवर संशय, प्रोग्रामवर संशय, आमच्या क्वालिटीवाल्यांशी वादही झाले. दोष उन्हाचा होता. एबीएसचा एक मीटर दर अंशाला साधारण ०.०८ मिमी वाढतो. पत्र्याच्या शेडखाली पार्ट दहा अंशांनी जास्त तापला की सव्वा मीटरला एक मिलिमीटर फरक, म्हणजे एवढ्यानेच मर्यादा ओलांडली. दुपारी तापून वाढलेल्या पार्टवर पाडलेली भोकं सकाळी एसी खोलीत मोजली की जवळ आलेली दिसायची. आता पार्ट फॉर्मिंगनंतर रात्रभर रॅकवर मुरतात, राउटरच्या खोलीला एसी आहे आणि मोजणीही तिथेच होते. एसीचं बिल पाहून मालक कुरकुरतात, पण रिजेक्शनचा ढीग त्यांनीही पाहिलाय.

पुढचा पार्ट एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकचा आहे, म्हणजे आकसणं एबीएसच्या कितीतरी पट. नमुने आले आहेत, आणि ते वाकलेलेही आहेत. व्हॅक्यूम त्यांना फिक्स्चरवर सपाट ओढतं, कट अचूक येतो, आणि सोडलं की पार्ट पुन्हा आपल्या मूळ वळणावर जातो. हे राउटरवर सुटणारं नाही, त्यामुळे सध्या मी फॉर्मिंगवाल्यांच्या मागे लागलोय: साच्यावर अजून थोडा वेळ गार होऊ द्या.