पाचवा तोटा की सहावा? व्हीएआर इंजिनाच्या मंजुरीचा अनुभव

व्हीएआर म्हणजे 99 टक्के दिवशी तोटा ज्याच्या आत राहील असा अंदाजी आकडा. तो काढणारं रिस्क इंजिन लिहिणं एक वेळ परवडलं, पण ते बँकेच्या मॉडेल व्हॅलिडेशनमधून, म्हणजे मॉडेल स्वतंत्रपणे तपासणाऱ्या विभागातून, पार करणं नको! पद्धत साधी हिस्टॉरिकल सिम्युलेशनची. मागच्या 500 दिवसांतले भावांचे बदल आजच्या पोझिशन्सवर (हातात असलेल्या सौद्यांवर) लावायचे, येणारे 500 नफे-तोटे चढत्या क्रमाने मांडायचे आणि 99 टक्के पातळीवरचा तोटा उचलायचा. कोड, डेटाबेस, रात्रीचा बॅच हे सगळं सुरळीत झालं.

घोडं अडलं ते शेवटच्या एका ओळीवर. व्हॅलिडेशनवाले तोच आकडा एक्सेलमध्ये स्वतंत्रपणे काढतात. त्यांचा आणि आमचा आकडा जुळेना. पोझिशन्स त्याच, भाव तेच. फरक पर्सेंटाइलच्या सूत्रात होता. नमपाय ही पायथनची गणिती लायब्ररी काही न सांगता जे सूत्र वापरते, तेच एक्सेलच्या 'पर्सेंटाइल इंक'चं. 500 आकड्यांत ते 5.99व्या जागी थांबतं, म्हणजे जवळजवळ सहावा तोटा. त्यांनी वापरलेलं एक्सेलचंच दुसरं सूत्र 'एक्स्क' 5.01वर थांबतं, म्हणजे पाचवा. समजा पाचवा तोटा 1.42 कोटी आणि सहावा 1.31 कोटी असेल, तर एकाच पोर्टफोलिओचा व्हीएआर जवळपास 11 लाखांनी वेगळा दिसतो. दोन्ही सूत्रं ग्राह्य आहेत, फक्त कोणतं ते कागदावर ठरलेलं हवं.

पण फॉर्मवर 'फरकाचं कारण' या रकान्यात पर्याय तीनच: डेटा, कोड, मॉडेल. 'व्याख्या' नाहीच! 'कोड' निवडलं की नवं टेस्टिंग मागतात, 'मॉडेल' निवडलं की फाइल पुन्हा रांगेच्या शेपटाला. फोनवर दोन मिनिटांत मिटणाऱ्या गोष्टीसाठी ही मिजास. म्हणून पद्धतीच्या दस्तऐवजात सूत्र, जागा आणि इंटरपोलेशन (दोन जागांमधला आकडा कसा काढायचा ते) आधीच लिहा, सोबत दहा आकड्यांचं हाताने सोडवलेलं उदाहरण जोडा. आमची गाडी शेवटी त्या उदाहरणानेच सुटली.

बॅकटेस्टिंगला, म्हणजे व्हीएआर प्रत्यक्ष तोट्याशी पडताळताना, हिशेब खात्याचा नफा-तोटा घेऊ नका. त्यात दलाली आणि दिवसभरातले नवे सौदे मिसळलेले असतात. कालच्या पोझिशन्स तशाच धरून आजच्या भावाने काढलेला घ्या. बासेलच्या, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार 250 दिवसांत चारपर्यंत अपवाद (तोटा व्हीएआरपेक्षा जास्त झालेले दिवस) हिरवे, पाच ते नऊ पिवळे, दहापासून लाल.

हो, आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: स्प्लिट, म्हणजे शेअरचं विभाजन, तपासा. एकाचे पाच झालेला शेअर दुरुस्त केला नाही, तर इतिहासात उणे 80 टक्क्यांचा दिवस उगवतो. दिवाळी पाडव्याला इथला बाजार बंद आणि न्यूयॉर्कचा चालू असतो. अशा दिवशी इथल्या शेअरचा कालचाच भाव पुढे ओढला, तर आधी शून्य बदल आणि मग दोन दिवसांची उडी एकदम येते.

ताणाच्या खिडकीत, म्हणजे बाजार कोसळलेल्या काळाच्या निवडलेल्या इतिहासात, 20 एप्रिल 2020 येत असेल, तर क्रूडकडे खास बघा. त्या दिवशी डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा मे वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. बदल लॉगने काढत असाल तर उणे भावाचा लॉग निघत नाही, त्यामुळे त्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा असे दोन बदल रिकामे येतात, आणि पांडाज या पायथन लायब्ररीचं क्वांटाइल (पर्सेंटाइल काढणारं फंक्शन) अशा रिकाम्या किमती मुकाट वगळतं. 500 ऐवजी 498 उरतात, एररही येत नाही. पर्सेंटाइल काढण्याआधी मोजणीची एक तपासणी टाका आणि आकडा कमी भरला तर बॅच तिथेच पाडा.