विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट मोजताना: माझा अनुभव

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. माझे गाव करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आहे आणि गावाच्या चारी बाजूंना ऊस आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आमच्या शेजारच्या वहिनी त्यांपैकी एक. नळीत पाणी आणि औषध घालायचे, येणारा गुलाबी रंग तक्त्यावरील रंगांशी जुळवायचा आणि आकडा वहीत लिहायचा, अशी त्यांची पद्धत. एका विहिरीचे पाणी तपासताना त्यांनी नळी माझ्यापुढे धरली आणि विचारले, "भावजी, ह्यो रंग दोन घरांच्या मधी बसतोय. कुठला आकडा लिहू?"

प्रश्न अगदी नेमका होता. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि पर्यायी स्रोत नसला तरीही तीत सवलत नाही. तक्त्यावरील दोन रंगांच्या मधल्या जागेत नेमकी हीच मर्यादा येत असेल, तर डोळ्यावर निर्णय सोपवता येत नाही. शिवाय तोच रंग अंगणातील उन्हात वेगळा आणि घरातील बल्बखाली वेगळा दिसतो. म्हणून रंगाची गडदता मोजणारे साधे उपकरण तयार करायचे मी ठरवले.

त्यामागील तत्त्व जुने आहे. रंगीत द्रावणातून जाणारा प्रकाश जितका कमी होतो, त्याच्या लॉगरिथमवरून द्रावणातील रंगद्रव्याचे प्रमाण कळते. नायट्रेटचे आधी जस्ताच्या भुकटीने नायट्राइट केले आणि त्यात ग्रीस अभिकारक (नायट्राइटशी मिळून रंग देणारे रसायन) घातला, की गुलाबी रंग येतो. हा रंग ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषतो, त्यामुळे साधा हिरवा एलईडी पुरेसा होतो. समोर प्रकाश टिपायला एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा छोटा भाग) सर्वांत स्वस्त पडतो, पण त्याचा प्रतिसाद प्रकाशाच्या समप्रमाणात नसतो आणि तो सावकाश स्थिरावतो; म्हणून मी फोटोडायोड घेतला, जो पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात वीजप्रवाह देतो. उद्यमनगरातील एका टर्नरकडून काळ्या नायलॉनच्या ठोकळ्यात क्युव्हेट (नमुना धरायची पारदर्शक चौकोनी नळी) घट्ट बसेल अशी खाच आणि आरपार एक सरळ भोक पाडून घेतले. वर काळे झाकण असणे अत्यावश्यक आहे, कारण खिडकीतून येणारा किंचित उजेडही आकडा बदलतो. आर्डुइनो (आकडे वाचणारे छोटे संगणकीय सर्किट) आणि छोटा डिस्प्ले जोडल्यावर उपकरण पूर्ण झाले. एलईडी लावल्यावर काही मिनिटे थांबून, आकडा स्थिर झाल्यावरच मोजणी सुरू करावी लागते.

एलईडी बंद असतानाचा आकडा वजा केल्यावर ब्लँकला (अभिकारक न घातलेल्या पाण्याला) ८१२ आणि नमुन्याला ४०६ आले, तर प्रकाश निम्मा झाला आणि शोषणमान, म्हणजे या घटीचा लॉगरिथम, ०.३०१ आले. मात्र या ०.३०१ वरून नायट्रेट किती, हे उपकरण सांगू शकत नाही. ते प्रमाणित द्रावणच, म्हणजे नायट्रेटचे प्रमाण आधीच माहीत असलेले द्रावणच, सांगते आणि माझा बहुतेक वेळ तिथेच गेला. वाळवलेले पोटॅशियम नायट्रेट १.६३१ ग्रॅम घेऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक लिटर द्रावण केले, की त्यात नायट्रेट १००० मिलिग्रॅम प्रतिलिटर असते. त्यापासून १० ते ८० पर्यंतची द्रावणे तयार केली. ४५ च्या आसपासच्या पाण्याचा रंग फार गडद येत असल्याने प्रत्येक नमुना पन्नास पट विरळ करावा लागतो. जस्ताची क्रिया कधीच पूर्ण होत नाही, आणि ती लांबली तर तयार झालेले नायट्राइट पुढे अमोनियाकडे जाते. त्यामुळे जस्ताचे वजन, नळी हलवण्याचा वेळ आणि रंग येण्यासाठी थांबण्याचा वेळ हे तिन्ही प्रमाणित द्रावणांना आणि विहिरीच्या पाण्याला अगदी सारखेच ठेवले. स्वस्त उपकरणावर विश्वास ठेवायचा, तर तो या शिस्तीवरच ठेवता येतो, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यातील गढूळ पाणी आधी गाळून घ्यावे आणि अभिकारक न घातलेले तेच पाणी ब्लँक म्हणून वापरावे.

वहिनींनी विचारलेल्या विहिरीचे प्रमाण मर्यादेच्या वर आले. त्याच पाण्याची दुसरी बाटली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिली होती. तिथूनही तोच निष्कर्ष आला. विहिरीला लागून उकिरडा आहे आणि पलीकडे युरिया दिला जाणारा ऊस. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही. पाटाच्या पाण्याबरोबर ते खाली झिरपते. गावात अनेकांनी पाणी उकळून पिण्याचा उपाय सुचवला, परंतु उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते; टीसीएलचाही (ब्लीचिंग पावडरचाही) त्यावर उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला धोका सर्वाधिक असल्याने, बाळाच्या दुधासाठी या विहिरीचे पाणी घेऊ नये, हे वहिनींनी घरोघरी जाऊन सांगितले.

उपकरण आता त्यांच्याकडे असते. अभिकारकाची बाटली गडद रंगाची असून ती फ्रीजमध्ये ठेवतात, वापरलेले द्रावण गटारात न ओतता बंद बरणीत साठवून माझ्याकडे देतात, आणि दर वेळी विहिरीच्या पाण्याआधी ४० चे प्रमाणित द्रावण मोजतात. त्याचा आकडा जुळला नाही, तर त्या दिवशी वहीत काहीही लिहीत नाहीत.