तुम्ही विचारलंत म्हणून

‘कोसला’ अर्धी तोंडपाठ आहे, जाहीर वाचनात मेसची पानं हसवत हसवत वाचता, मग धाकट्या बहिणीच्या मृत्यूचं प्रकरण नेमकं का गाळता? इतक्यांनी विचारून झालंय की एकदाचं लिहूनच टाकतो. आजवर ‘तिथे आवाज बसतो’ असं सांगत आलो. थाप होती ती.

नेमाड्यांची ही १९६३ची कादंबरी मी कॉलेजात वाचली. आम्हीही खानदेशातले, त्यामुळे पांडुरंग सांगवीकर भाऊबंदांतलाच वाटला. बापाचे पैसे उधळणारा, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’च्या आड लपणारा. मग देवी येऊन बहीण जाते आणि त्याची टवाळी तिथे पुरी पडत नाही.

आमच्याकडे पुरली. मी आठवीत असताना धाकटे काका सुरतेला वारले. आजीचं काळीज नाजूक, तिला सांगायचं नाही असं ठरलं. तिला वाचता येत नव्हतं. काकांची पत्रं मीच वाचून दाखवायचो, ती पुढेही वाचत राहिलो, कोऱ्या आंतर्देशीयावरून. मोठ्यांनीच बसवलं होतं मला त्या कामाला. आणि खरं सांगू? मजा यायची. माझे काका खऱ्या काकांपेक्षा मायाळू होते. दर पत्रात आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे.

दिवाळीला काकू आल्या. वडिलांनी मला कुंकवाचा करंडा आणि हिरव्या बांगड्या देऊन स्टेशनवर पाठवलेलं. सुरत-भुसावळ पॅसेंजरमधून उतरल्या, फलाटावरच्या नळावर तोंड धुतलं. आरसा नव्हता. “तूच लाव,” म्हणाल्या. लावलं, ते वाकडं लागलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि पुन्हा कपाळ पुढे केलं. मग हात ओला करून बांगड्या चढवल्या. एक फुटली. तिचे तुकडे त्यांनी वेचून रुमालात बांधले, पायात जायला नकोत कुणाच्या म्हणून.

घरी आजीनं ओटी भरली. म्हणाली, “कुंकू वाकडं का गं?”

“गाडी हलत होती, आई.”

आजीला सगळं कळलंच असणार, असं घरातले आता म्हणतात. सोयीचं आहे ते. करंडा न्यायला मला नाही म्हणता आलं असतं, असं मी म्हणतो. आठवीतला मी लगेच उलटून विचारतो, आणि म्हातारी हाय खाऊन गेली असती तर? त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

पुढच्या वेळी ती पानं वाचेन, असं कबूल करत नाही. काकू वाचनाला येतात. पहिल्या रांगेत बसतात.