सव्वाबाराची वेळ धरा: सनी बॉय विल्यमसनच्या मुलखात

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतासाठी मिसिसिपी डेल्टात जाणारे बहुतेक लोक मेंफिसहून निघतात आणि हायवे ६१ धरून थेट क्लार्क्सडेल गाठतात. तुम्ही माउथ ऑर्गनच्या, म्हणजे हार्मोनिकाच्या, ओढीने जाणार असाल तर माझं ऐका: आधी नदी ओलांडून अर्कान्सासमधल्या हेलेनाला जा. तेही सोमवार ते शुक्रवारातल्या एखाद्या दिवशी, आणि दुपारी बाराच्या आत. सव्वाबाराला तिथे ‘किंग बिस्किट टाइम’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू होतो. हार्मोनिकावादक सनी बॉय विल्यमसन घडला तो याच कार्यक्रमामुळे. बाकी सगळा प्रवास या वेळेभोवती बेतावा.

आधी नावाचा गुंता सोडवू. सनी बॉय विल्यमसन नावाचे हार्मोनिकावादक दोन झाले. पहिला जॉन ली विल्यमसन, टेनेसी राज्यातल्या जॅक्सनचा, जन्म १९१४. १९३७ पासून त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, शिकागोत त्याचं मोठं नाव झालं आणि जून १९४८ मध्ये तिथेच त्याचा खून झाला. दुसरा आपला. त्याचं नाव अ‍ॅलेक मिलर, लहानपणापासून सगळे त्याला ‘राइस’ म्हणत. हेलेनाच्या रेडिओवर तो शिकागोच्या ताऱ्याचं नाव लावून वाजवू लागला, आणि पुढे आयुष्यभर ‘खरा सनी बॉय मीच’ असं सांगत राहिला. जन्मसालही तो माणूस पाहून बदलून सांगायचा. जुन्या जनगणनेच्या नोंदींवरून १९१२ च्या आसपासचा जन्म संभवतो. नाव उसनं होतं हे खरं, पण वादन कुणाचंच उसनं नव्हतं, आणि मला त्याच्याकडे ओढून नेलं ते त्या वादनाने.

मी आणि अटलांटात राहणारा माझा मावसभाऊ मेंफिसला विमानाने उतरलो आणि तिथेच गाडी भाड्याने घेतली. डेल्टात बस-रेल्वेच्या भरवशावर राहता येत नाही, गाडी लागतेच. भारतातून जाणाऱ्यांनी लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून न्यावा. मेंफिस ते हेलेना साधारण ११० किलोमीटर आहे, दीड तास धरा. हायवे ६१ ने दक्षिणेला यायचं, मग ४९ ला वळून पूल ओलांडायचा. हा पूल १९६१ चा. त्याआधी इथे फेरीबोट होती. रात्री मिसिसिपीच्या बाजूला कुठल्या तरी खेड्यात वाजवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत हजर व्हायचं म्हणजे सनी बॉयच्या काळी काय धावपळ असेल, ते त्या पुलावरून खालचं रुंद, गढूळ पात्र पाहताना चांगलंच कळतं.

हेलेनाची चेरी स्ट्रीट एके काळी गजबजलेली होती. आज अर्ध्याहून जास्त दुकानं रिकामी दिसतात, विटांच्या जुन्या इमारती आणि त्यामागे नदीचा बांध. याच रस्त्यावर डेल्टा कल्चरल सेंटर आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सुट्टीचे दिवस आणि वेळा मात्र निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. कार्यक्रमाचं प्रक्षेपण तिथूनच होतं आणि पाहुण्यांना काचेपलीकडून ते पाहता येतं.

केएफएफए या स्टेशनवर हा कार्यक्रम २१ नोव्हेंबर १९४१ ला सुरू झाला. सनी बॉयची हार्मोनिका आणि रॉबर्ट लॉकवूड ज्युनियरची गिटार, एवढ्यावर. प्रायोजक होती इंटरस्टेट ग्रोसर कंपनी, म्हणजे किराणा मालाचे घाऊक व्यापारी. त्यांना ‘किंग बिस्किट’ नावाचं पीठ खपवायचं होतं. सव्वाबाराची वेळ निवडली, कारण कापसाच्या शेतात राबणारे कृष्णवर्णीय मजूर त्या वेळी जेवायला घरी येत. कार्यक्रमातून वादकांना पैसे बेताचेच मिळत. खरी कमाई वेगळी होती: आज रात्री आपण कुठे वाजवणार आहोत हे त्यांना रेडिओवरून सांगता येई. सिग्नल पोचेल तिथवरच्या खेड्यांतून लोक त्या रात्री जमत, आणि पोट भरे ते तिथल्या पैशांवर. पुढे पेक कर्टिस ड्रमवर आला, पाइनटॉप पर्किन्स पियानोवर. मक्याच्या पिठाचा ‘सनी बॉय’ असा ब्रँडच निघाला आणि पोत्यावर कणसावर बसलेल्या सनी बॉयचं चित्र छापलं गेलं. वंशभेदाचे कायदे कडक असलेल्या त्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय वादकाचा चेहरा घराघरातल्या स्वयंपाकघरात पोचला, ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही रेकॉर्डइतकीच मोठी वाटते.

ऐकणाऱ्यांत कोण कोण होतं! पुढे ब्लूजचे मोठे गायक-गिटारवादक झालेले मडी वॉटर्स, बी. बी. किंग हे तेव्हा शेतावर काम करत होते. जेम्स कॉटन लहान पोर असताना हेलेनाला सनी बॉयच्या आश्रयाला आला आणि त्याच्याजवळ राहून शिकला. पुढे हार्मोनिकाचा मोठा वादक झालेला लिट्ल वॉल्टर मिसरूड फुटायच्या वयात इथेच त्याच्या मागेमागे फिरला. ब्लूज गायक हाउलिन वुल्फने हार्मोनिका त्याच्याकडूनच उचलली. सनी बॉयचं लग्न वुल्फच्या सावत्र बहिणीशी झालं होतं. १९४८ मध्ये सनी बॉय वेस्ट मेंफिसच्या केडब्ल्यूईएम स्टेशनवर होता. तिथे त्याने आपल्या कार्यक्रमात कोवळ्या बी. बी. किंगला वाजवू दिलं आणि त्या मुलाची गाडी रुळाला लागली.

१९५१ पासून २०१८ पर्यंत या कार्यक्रमाचा निवेदक ‘सनशाइन’ सनी पेन होता. १७ हजारांहून जास्त भाग त्याने केले. अगदी सुरुवातीलाही तो स्टेशनवर काम करत असे, सनी बॉयला त्याने जवळून पाहिलं होतं. आता तो नाही, पण सुरुवातीची ती बिस्किटं पुढे सरकवायला सांगणारी हाळी आजही ऐकू येते. आम्ही गेलो तेव्हा जेमतेम चार-पाच माणसं ऐकायला होती. तरी कार्यक्रम ठरल्या मिनिटाला सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्याच्या वादनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जाण्यापूर्वी कान तयार असला तर प्रवास दुप्पट अर्थाचा होतो. लिट्ल वॉल्टरने मायक्रोफोन आणि हार्मोनिका एकाच ओंजळीत घट्ट धरली आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून तो जाड, फाटका सूर काढला. पुढच्या बहुतेकांनी तोच रस्ता धरला. सनी बॉय मात्र बहुधा मायक्रोफोनपासून मोकळा राहून वाजवायचा. सगळी करामत तळव्यांची: ओंजळ उघडायची, मिटायची, त्यातून सूर कधी रडतो, कधी कुजबुजतो. गाण्याची ओळ तो अर्ध्यावर सोडतो आणि उरलेली हार्मोनिका पुरी करते. सूर फार लावत नाही, मोकळी जागा भरपूर ठेवतो. हातांशिवाय, हार्मोनिका आख्खी तोंडात आडवी-उभी घेऊन वाजवणं हाही त्याचा खेळ होता, पण लोक त्यावरच थांबतात याचं मला वाईट वाटतं. तो संयम ऐका.

हे करून पाहायचं असेल तर आपल्याकडे सहज मिळणारा दुहेरी छिद्रांचा ट्रेमोलो माउथ ऑर्गन चालत नाही, त्यावर सूर वाकत नाही. दहा छिद्रांची डायटॉनिक हार्मोनिका घ्या. होनर कंपनीची ‘मरीन बँड’ १८९६ पासून आहे, तीच ही मंडळी वाजवत. गाणं ‘जी’ (G) पट्टीत असेल तर ‘सी’ (C) ची हार्मोनिका उचलायची आणि श्वास आत ओढत वाजवायचं. ओढलेल्या श्वासावर दुसरं, तिसरं, चौथं छिद्र मींडेसारखं खाली घसरतं, आणि ब्लूज त्या घसरण्यात आहे. सी आणि ए अशा दोन बरोबर ठेवा.

हेलेनाहून पूल ओलांडून क्लार्क्सडेल पाऊण तासावर. इथे फार लिहीत नाही, कारण या गावाची माहिती सगळीकडे मिळते. १९१८ च्या मालधक्क्याच्या इमारतीतलं डेल्टा ब्लूज म्युझियम पाहा, मडी वॉटर्सचं स्टोव्हॉलच्या शेतावरचं झोपडं तिथे आणून उभं केलं आहे. कृष्णवर्णीय प्रवाशांना दुसरीकडे खोली मिळत नसे त्या काळात इथलं रिव्हरसाइड हॉटेल वादकांचं घर होतं, सनी बॉयही तिथे उतरे. त्याआधी ती इमारत इस्पितळ होती आणि १९३७ मध्ये ब्लूज गायिका बेसी स्मिथ तिथेच वारली. २०२० च्या वादळात तिचं नुकसान झालं, त्यामुळे बाहेरूनच पाहता येईल असं धरून जा. मुक्काम शुक्रवार-शनिवारी ठेवा, त्या रात्री वादन नक्की मिळतं. क्लबात रोख पैसे लागतात, आणि वादकांच्या बादलीत टाकायला सुटे डॉलर खिशात हवेत.

क्लार्क्सडेलमध्येच पेट्रोल भरा आणि सकाळी हायवे ४९ ने टटवायलरला निघा, अंतर पंचवीसेक किलोमीटर. १९०३ च्या सुमाराला संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने इथल्या स्टेशनवर एका माणसाला तारांवर सुरी फिरवत गिटार वाजवताना ऐकलं, अशी त्याचीच आठवण आहे. स्टेशन गेलं, पण तिथे भिंतीवर रंगवलेली चित्रं आहेत. सनी बॉयची कबर गावाबाहेर न्यू आफ्रिका रोडवर, झाडांच्या कडेला आहे. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, वाटेत नेटवर्क जातं. उन्हाळ्यात गवत वाढलेलं असतं. पूर्ण पँट, बूट आणि डासांचं मलम लागतंच.

कबरीवरचा दगड लिलियन मॅकमरी यांनी बसवला. या बाईंच्या मिसिसिपीतल्या जॅक्सनमधल्या ट्रम्पेट या रेकॉर्ड कंपनीने १९५१ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड काढली, म्हणजे रेडिओवर दहा वर्षं गाजल्यानंतर. दगडावर मृत्यूची तारीख २३ जून १९६५ आहे. प्रत्यक्षात तो २५ मे १९६५ ला हेलेनात झोपेतच गेला. दुपारी स्टुडिओत आला नाही म्हणून पेक कर्टिस त्याच्या खोलीवर गेला, तेव्हा कळलं. दगडावर लोक हार्मोनिका ठेवून जातात, गंजलेल्या, नव्या, सगळ्या तऱ्हेच्या. कृपया त्यातली एकही उचलू नका.

तिथून परत फिरू नका. ४९ ने आणखी थोडं दक्षिणेला गेलं की समनर आणि मग ग्लेंडोरा, सनी बॉयच्या जन्माचा मुलूख. ऑगस्ट १९५५ मध्ये तो शिकागोत चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मडी वॉटर्सच्या वादकांबरोबर पहिल्यांदा ध्वनिमुद्रण करत होता. त्याच महिन्यात शिकागोहून डेल्टात पाहुणा आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा इथे खून झाला. समनरच्या कोर्टात, जवळजवळ तासाभरात, ज्यूरीने गोऱ्या आरोपींना सोडलं. ते कोर्ट नीट जतन केलं आहे, समोर माहिती केंद्र आहे, ग्लेंडोरात जुन्या जिनिंगच्या इमारतीत संग्रहालय आहे. सनी बॉयसारख्या माणसाने घर, नाव, गाव सतत का बदलत ठेवलं असेल, याचा विचार मी त्या कोर्टाच्या बाकावर बसून केला. १९६३ मध्ये तो युरोपात गेला, इंग्लंडमध्ये यार्डबर्ड्स या बँडबरोबर वाजवलं, तेव्हा अठरा वर्षांचा एरिक क्लॅप्टन त्याच्यामागे गिटारवर होता. तिथे त्याने दोन रंगांचा सूट शिवला, बोलर हॅट घातली, मानसन्मान मिळवला. तरी शेवटी परतला तो हेलेनाच्या त्याच सव्वाबाराच्या कार्यक्रमाला.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचं आधी विचारून घ्यावं. डेल्टाचे प्रसिद्ध हॉट टमाले (मक्याच्या पिठात सारण भरून केलेले) मांसाचे असतात, पालेभाजीत डुकराचं मांस शिजवलेलं असतं. तळलेली भेंडी, मक्याची पोळी आणि बटाटे बहुधा मिळतात. रविवारी बरंच काही बंद असतं. ऑक्टोबरात कापूस फुटलेला असतो, हवा बरी असते, आणि १९८६ पासून हेलेनात भरणारा ब्लूज महोत्सवही त्याच महिन्यात असतो. त्या आठवड्यात खोली हवी असेल तर कित्येक महिने आधी घ्या, किंवा क्लार्क्सडेलला राहून ये-जा करा. मला विचाराल तर महोत्सवाची गर्दी टाळून त्याच्या मागच्या-पुढच्या आठवड्यात जा, म्हणजे काचेपलीकडचा निवेदक तुमच्याशी बोलायला मोकळा असेल.