एवढं शिकून शेवटी सांगतेस काय, तर भाजी-भाकरी खा!

‘अन्नशास्त्र आणि पोषण’ या विषयात मी आधी बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. तेव्हापासून एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. नातेवाईक विचारतात, सोसायटीतले काका विचारतात, बारावीतल्या मुलींच्या आया तर हमखास विचारतात: ‘इतकी वर्षं शिकून शेवटी तू सांगतेस काय, तर भाजी-भाकरी खा. ते आमची आजीही सांगायची. मग तू शिकलीस काय?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सल्ला आजीचाच आहे, त्यात वाद नाही. मी शिकले ते मोजायला. आणि त्याहून जास्त, अन्नाबद्दलचा कुठलाही आकडा समोर आला की तो कसा काढला आणि काढताना काय निसटलं, हे विचारायला.

पाकिटावर लिहिलेली प्रथिनंच घ्या. ‘प्रति 100 ग्रॅम प्रथिने 12 ग्रॅम’ असं वाचलं की वाटतं, कुणीतरी प्रथिनं वेगळी काढून तराजूत टाकली असतील. तसं काही होत नाही. पदार्थाचा नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट होऊ द्यायचं, मग अल्कली घालून अमोनिया उडवायचा, तो बोरिक आम्लात पकडायचा आणि टायट्रेशन करून, म्हणजे ब्युरेट या मापाच्या नळीतून थेंबथेंब आम्ल सोडून, मोजायचा. हाती येतो नायट्रोजन. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो असं धरून त्याला 6.25 ने गुणलं की झाली प्रथिनं! ही केल्डाल पद्धत 1883 सालची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतली. आमच्या लॅबमध्ये या प्रयोगाच्या दिवशी धूर खेचणाऱ्या कपाटासमोर उभं राहायला कुणी उत्सुक नसायचं.

या पद्धतीला प्रथिनं दिसत नाहीत, नायट्रोजन दिसतो. चीनमध्ये 2008 साली दुधाच्या पावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं ते नेमकं ही फट ओळखून. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो. पाणी घातलेल्या दुधात चिमूटभर टाकलं की तपासणीत प्रथिनं भरपूर. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. आम्हाला हे प्रकरण भेसळीच्या धड्यात शिकवलं होतं. माझ्या मते ते मोजमापाच्या धड्यात हवं.

कर्बोदकांची तऱ्हा आणखी न्यारी. बहुतेक ठिकाणी ती मोजतच नाहीत. 100 मधून पाणी, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि भट्टीत जाळून उरलेली राख वजा करायची. जे शिल्लक राहील ते कर्बोदक. म्हणजे आधीच्या चारही मोजण्यांतल्या चुका निमूट याच्या खात्यात जमा होतात. मग प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या ग्रॅमना 4 ने, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमना 9 ने गुणून कॅलरी काढतात. हे गुणक अॅटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. सरासरी जेवणाला ते बरे लागू पडतात, पण एकेकट्या पदार्थाला फसवतात. 2012 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष हिशेब लावला, तेव्हा शरीराला मिळालेली ऊर्जा पाकिटावरच्या आकड्यापेक्षा जवळपास एक-चतुर्थांशाने कमी निघाली. अख्ख्या बदामाच्या पेशींच्या भिंती नीट फुटत नाहीत आणि आतलं तेल तसंच पुढे जातं. बदाम दळून खाल्ले तर हिशेब बदलतो. जेवणाच्या कॅलरी दशांश चिन्हापर्यंत सांगणारं मोबाइलवरचं अॅप मला कुणी दाखवलं की मी हसते, ते यामुळे.

देशी धान्यांचे आकडे आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांतून येतात. ही संस्था 1918 साली कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी एका खोलीत सुरू झाली आणि 1958 साली हैदराबादला आली. तिचे जुने तक्ते 1971 चे, नवे 2017 चे. नव्यात देशाच्या सहा विभागांतून गोळा केलेले 528 खाद्यपदार्थ आहेत. बाजरीतलं लोह जुन्या तक्त्यात 100 ग्रॅमला 8 मिलिग्रॅम, नव्यात 6.4 च्या आसपास. लगेच ‘बाजरीत आता कस राहिला नाही’ असा संदेश फिरतो. कस गेला असेलही. पण वाण बदललं, माती बदलली, नमुने घेण्याची रीत बदलली, यंत्रं बदलली. नुसत्या दोन आकड्यांवरून यातलं कुठलं कारण ते कळत नाही.

पण हे सगळं झालं धान्याचं. माणूस किती खातो, हे मोजणं त्याहून अवघड, आणि मी सगळ्यात जास्त शिकले ते तिथे. एम.एस्सी.ला असताना जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर आम्ही ‘चोवीस तासांचा रिकॉल’ घ्यायला जायचो. पिशवीत ठरावीक मापाच्या वाट्या, पळ्या, चमचे. समोरच्या बाईला विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत? बाई सांगते ते तिने रांधलेलं. पातेल्यात तांदूळ किती घातले, डाळ किती, ते अगदी नेमकं. तिच्या स्वतःच्या ताटात त्यातलं किती आलं, हे विचारलं की ती थांबते. ‘उरलं ते खाल्लं’ हे उत्तर कुठल्या वाटीत मोजायचं? मग आम्ही उलटा रस्ता धरायचो: शिजलेलं एकूण किती, पोरांनी किती घेतलं, घरधन्याने किती, डब्यात किती गेलं.

त्यातही चहा कुणी खाण्यात धरत नाही. रानातून येताना तोंडात टाकलेली करवंदं, जांभळं तर कुणाच्या लक्षातही नसतात. पाऊस लागला की शेवळी, कोळी अशा रानभाज्या ताटात येतात आणि दोन-अडीच महिन्यांत जातात. त्याच घरी उन्हाळ्यात गेलात तर कागदावर दुसरीच माणसं दिसतील. बायकांना दिवसाला 29 मिलिग्रॅम आणि पुरुषांना 19 मिलिग्रॅम लोह हवं, ही 2020 ची राष्ट्रीय शिफारस आम्हाला पाठ असते. ‘उरलं ते’ या दोन शब्दांत त्या 29 मधले किती आले, हे काढायला अख्खी दुपार जाते.

आणि पोटात गेलेलं सगळं अंगी लागतंच असं नाही. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली टॅनिन्स लोह अडवून ठेवतात. लिंबू पिळलं तर तेच लोह सहज शोषलं जातं. नाचणीला मोड आणले की धान्यातलंच एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि खनिजांना धरून बसलेलं फायटेट तोडायला लागतं. आजीला विकराचं नाव ठाऊक नव्हतं, पण मोड आणायचे हे ठाऊक होतं. तिच्याशी माझं भांडण एकच. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेलं पांढरंशुभ्र सत्त्व तिला सर्वांत पौष्टिक वाटायचं. नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम तिच्या सालात असतं, आणि ते चोथ्याबरोबर बाहेर जातं. लहान बाळाला पचायला सत्त्व हलकं, हे खरं. पण कॅल्शियमसाठी द्यायचं तर मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं पीठ बरं.

इथेच अन्नशास्त्र आणि पोषणशास्त्र एकत्र शिकण्याचा अर्थ लागतो: पदार्थाचं काय केलं आणि माणसाला काय मिळालं, हे दोन्ही एकाच डोक्यात असावं लागतं. आपल्याकडे बहुधा त्यांची वाटणी होते. अन्नतंत्रज्ञान एकीकडे, परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत. पोषण दुसरीकडे, गृहविज्ञानाच्या कॉलेजांत. तिथे अजूनही पुष्कळ जण ‘मुलींचा कोर्स’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना मी कमला सोहोनींचं नाव सांगते. केंब्रिजहून 1939 साली डॉक्टरेट घेऊन आलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळींतली प्रथिनं तपासली, आणि नीरा तपासली, तीही कुपोषित आदिवासींना तिचा उपयोग होतो का हे पाहण्यासाठी.

तेव्हा तुमच्या मुलीला या विषयाला घालायचं का? कारखान्यात, पदार्थ टिकवण्यात, नवे पदार्थ बनवण्यात रस असेल तर अन्नतंत्रज्ञान. इस्पितळात किंवा वस्त्यांमध्ये काम करायचं असेल तर पोषण. आणि जिथे जाईल तिथे दुसऱ्या बाजूचे पेपर जमतील तेवढे घेऊ द्या. स्वयंपाकाची आवड नसली तरी चालतं, माझी अजूनही बेताचीच आहे. मात्र बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटसमोर उभं राहायचा तिला मनापासून कंटाळा असेल, तर आधी तिच्याशी बोला. पहिली दोन वर्षं तिथून फारशी सुटका नसते.